सुंदरम्माचा अंगठा

शेंगाच्या पोळ्यांच्या डब्याशेजारी शाईचं पॅड सापडलं आणि मायाक्काचा पारा चढला.

"खायच्या पिशवीत हे काय घातलंस गं दानू? सांडलं असतं म्हणजे पोळ्या जांभळ्या झाल्या असत्या की!"

"प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलंय अव्वा," दानेश्वरी मोबाईलवरून मान न उचलता म्हणाली.

सकाळचे आठ वाजले होते आणि खाली तिचा थोरला भाऊ अमरेश हॉर्नवर हॉर्न देत होता. वेळ अमावस्येला, म्हणजे येळवशीला, बिराजदारांचा जुळे सोलापुरातला फ्लॅट कुलूपबंद व्हायचा आणि सगळे झाडून अक्कलकोटच्या वाटेवरच्या आपल्या रानात जेवायला जायचे. नाना भाज्या-डाळींची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, खीर. मायाक्का आणि तिची थोरली नणंद सुंदरम्मा पहाटेपासून ओट्याशी उभ्या होत्या. त्यात आता हे पॅड.

पॅड कशासाठी ते मायाक्काला ठाऊक होतं आणि तेच तिला खुपत होतं. तिची लेक तीन वर्षांपूर्वी फिनलंडला पीएच.डी.ला गेली. सोलापुरात बी.ए., पुण्यात शिक्षणशास्त्रात एम.ए., दोन वर्षं सीमेकडच्या गावांतल्या शाळांत काम, आणि मग ही शिष्यवृत्ती. विषय शिक्षण आणि संस्कृती. कुणी विचारलं की मायाक्का "शाळांवर लिहिते" एवढं सांगून विषय बदलायची, कारण त्यापुढचं तिला स्वतःलाच नीट सांगता यायचं नाही. पण लेकीच्या त्या गाजलेल्या लेखाचं पहिलं वाक्य तिला पाठ होतं. ‘मला वाढवलं ती बाई निरक्षर आहे.’

ती बाई म्हणजे सुंदरम्मा. मायाक्का सरकारी दवाखान्यात नर्स होती, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी, आणि दानू अत्तीच्या, म्हणजे आत्याच्या, मांडीवर वाढली हे खोटं नव्हतं. तरी पण पहिल्याच वाक्यात! आईचा नंबर लागला तो थेट चौथ्या पानावर, तोही ‘नोकरदार आई’ म्हणून, नावसुद्धा नाही. नवऱ्यानं, निवृत्त मुख्याध्यापक श्रीशैल बिराजदार यांनी, त्या लेखाचं स्वतःच्या अक्षरात मराठी भाषांतर केलं आणि झेरॉक्स काढून निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत वाटलं, तेव्हा मायाक्का हसतमुखानं सगळ्यांना चहा देत होती. आत काय जळत होतं ते तिचं तिला माहीत.

आता तो लेखच वाढून प्रबंधाचं मुख्य प्रकरण झाला होता. विद्यापीठाच्या समितीनं अट घातली होती की ज्या व्यक्तीबद्दल लिहिलंय तिची लेखी संमती हवी, सही किंवा अंगठा. पंधरा फेब्रुवारीला प्रबंध द्यायचा. सहा जानेवारीचं परतीचं तिकीट. संमती नसेल तर प्रकरण बाद, आणि हे प्रकरण बाद म्हणजे उरलेला प्रबंध नुसता सांगाडा. घरी आल्यापासून दानेश्वरी पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरत होती, आणि अत्ती रोज म्हणत होती, "देते की गं, पळून चाललेय का मी? येळवशीला रानात देते. चांगला दिस हाय."

म्हणून पॅड पोळ्यांच्या पिशवीत.

*

रानात ज्वारी पुरुषभर उंच उभी होती. मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची कोप, कोपीत चुना लावलेले पाच दगड, त्यांच्यापुढे झेंडूची फुलं. रान वाट्यानं करणाऱ्या चनबसप्पानं सगळं मांडून ठेवलं होतं. पूजा झाली. आता चनबसप्पा आंबील आणि कुस्करलेले उंडे घेऊन रानाच्या चारी कडांना शिंपडून येणार, आणि तो येईपर्यंत कुणी घास तोंडात घालायचा नाही. तो निघण्याआधी टॉवेल सारखा करत सुंदरम्माजवळ आला.

"अक्का, एक राहिलंच बगा." त्यानं कोपीच्या आडोशाला ठेवलेलं, लाल फडक्यात बांधलेलं एक जाड पुस्तक पुढं केलं. "मठातनं दिलंय. संक्रांतीपासून पाच दिस पुरान लावायचं म्हनत्यात. सामी म्हनले, बिराजदाराच्या अक्कालाच वाचाय सांग, दुसऱ्या कुनाचं वाचन बायांना पटत न्हाई."

अमरेश हसला. "चनबसप्पा, माणूस चुकला तुझा. अत्ती ऐकायला येते गावाला, वाचायला नाही."

"म्हंजे?" चनबसप्पानं त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं, जणू शहरातल्या हवेनं पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. "श्रावनात म्हैनाभर कोन वाचतंय मग? आमची म्हातारी तर अक्काचं वाचन असलं तरच बसती. धा वर्सं झाली की."

आणि तो आंबिलाचं भांडं घेऊन चालायला लागला. त्याला काय, रानाला चार कडा होत्या आणि ऊन चढत होतं.

दानेश्वरीनं संमतीचा कागद मांडीवर सरळ करायला घेतला होता. तिचा हात तिथंच थांबला.

"अत्ती? तू वाचतेस?"

सुंदरम्मानं पुस्तक फडक्यातून सोडवलं, कपाळाला लावलं. अडुसष्ट वर्षांची बाई, पण चोरी पकडल्यासारखी अवघडून बसली. "कानडी वाचते. मराठी अक्षरं मला लागत न्हाईत."

"पण मी तुला विचारलं होतं! सहा तास रेकॉर्डिंग आहे माझ्याकडं. शाळा किती झाली विचारलं तर तू म्हणालीस, शाळेची पायरी चढले नाही."

"तू ‘सोलापुरात शाळा कुटवर’ असं इचारलंस. सोलापुरात कुटं गेले मी शाळंत? मी आईच्या माहेरी हुते, इंडीकडं, कर्नाटकात. तितं सातवी झाली माझी. पयला नंबर." शेवटचे दोन शब्द तिनं हळूच म्हटले, पण म्हटले.

"मग सांगायचं नाही का?"

"तुझा चेहरा लई खूश हुता गं. मी न्हाई म्हनले की तू भराभरा लिवायचीस. म्हनलं, पोरीला कायतरी गावलंय, गावू दे."

दानेश्वरीला एकदम रडू आणि हसू दोन्ही आलं आणि दोन्ही तिनं गिळलं. संशोधनाच्या पद्धतीवर ती तिकडं पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत होती. प्रश्न विचारताना आपण उत्तर आधीच ठरवलेलं नाही ना, हे तपासा. तिनं स्वतः हे फळ्यावर लिहिलं होतं. आणि घरात कानडी बोलत वाढलेल्या तिला, अत्तीला कानडी वाचता येत असेल असं एकदाही मनात आलं नव्हतं. शिकलेलं म्हणजे मराठीत शिकलेलं, त्याच्यावर इंग्रजी. कानडी ही भांडायची, अंगाईची आणि स्वयंपाकघरातली भाषा. तिला कुठं अक्षरं असतात?

"तुमच्या ट्रंकेतलं ते पुस्तक," मायाक्का अचानक म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "हळद-कुंकू वाहिलेलं. मी इतकी वर्षं पूजेचं समजत होते अक्का."

"पूजा बी करते की. दुपारी तुमी सगळे भाईर असताव तवा वाचते."

"तीस वर्षं एका ओट्यावर राबलो आपण. औषधाच्या चिठ्ठ्या मी तुम्हाला वाचून दाखवल्या. बँकेत तुमचा अंगठा मी धरून लावला. आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत!" मायाक्काचे डोळे भरले. राग नेमका कुणाचा आलाय हे तिला कळत नव्हतं. मग तिला दुसरंच काहीतरी दिसलं आणि ती नवऱ्याकडं वळली. "तुम्ही गप्प का?"

श्रीशैल बिराजदार ज्वारीच्या ताटाकडं बघत होते.

"मी काय बोलणार," ते म्हणाले.

"तुमची सख्खी बहीण. तुमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. इंडीला सातवीत पहिला नंबर आला हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"जाऊ दे मायाक्का," सुंदरम्मा म्हणाली. "सणाचा दिस हाय. तो त्या वक्ताला पोरगाच हुता."

‘त्या वक्ताला’ हे ऐकून श्रीशैल उठले आणि बांधाकडं चालायला लागले.

*

रागावून बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. अक्कानं आयुष्यभर हेच केलं. जिथं कानफटात द्यायची तिथं पांघरूण घातलं.

वडील रुद्रप्पा वारले त्या वर्षीची गोष्ट. अक्काचा नवरा त्याच्या आधीच गेलेला, ती माहेरी परत आलेली. हे रान एकट्या श्रीशैलच्या नावावर व्हायचं होतं, त्यासाठी अक्कानं हक्क सोडल्याचा कागद हवा होता. अक्का आनंदानं तयार झाली. कचेरीत टेबलाशी आल्यावर तिनं स्वतःहून पेन मागितलं. "सई करते," ती म्हणाली.

कुणी हरकत घेतली नव्हती. कारकुनानं मानसुद्धा वर केली नव्हती. हरकत घेतली ती तेवीस वर्षांच्या श्रीशैलनं. मराठी शाळेत नोकरी लागून सहा महिने झाले होते, रांगेत मागं शाळेतल्या एका मुलाचे वडील उभे होते, आणि आपण कानडी घरातले हे तो तेव्हा शाळेत कुणाला बोलून दाखवत नसे. बहिणीची ती गोल गोल अक्षरं त्या कागदावर उमटणार, सगळे बघणार, हेच त्याला नको होतं.

"अक्का, मराठी कागद आहे. कानडी सही चालत नाही," तो म्हणाला आणि पॅड पुढं सरकवलं.

चालत होती. त्याला तेव्हाही पुरतं माहीत होतं. अक्कानं त्याच्याकडं एकदा बघितलं, शिकलेला भाऊ म्हणतोय म्हणजे तसंच असणार असं मानलं आणि अंगठा टेकवला. त्यानंतर रेशनकार्डावर अंगठा, बँकेत अंगठा. सगळीकडं तीच रीत पडली. आणि त्यानंतर तेहतीस वर्षं त्यानं शेकडो पोरांचा हात धरून त्यांना अक्षर शिकवलं, भाषणं ठोकली, सत्कार घेतले. लेकीचं ते वाक्य आलं तेव्हा त्यानं ते सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. ‘निरक्षर’ लिहिताना त्याचा हात थांबला होता. थांबला आणि पुढं गेला.

बांधावर चनबसप्पा शिंपडत शिंपडत समोरून आला आणि म्हणाला, "मास्तर, भूक लागली व्हय? आलो, एक कड राहिली." श्रीशैल मागं वळले. बांधावर पळून जाण्याइतकं हे रान काही मोठं नव्हतं.

कोपीपाशी येऊन ते उभ्याउभ्याच सगळं बोलले. कचेरी, पेन, रांगेतला माणूस, सगळं. शाळेत परिपाठाला उभं राहून बोलायची सवय होती म्हणून आवाज फुटला, नाहीतर फुटला नसता.

मग मायाक्कानं आपली चटई नवऱ्याच्या जागेपासून ओढून नणंदेला चिकटवून घातली आणि तिच्या शेजारी जाऊन बसली. लेखातल्या पहिल्या वाक्याचं दुखणं तिनं त्या क्षणापुरतं तरी सोडून दिलं.

*

"आता काय करायचं ते बोला," अमरेश म्हणाला. त्याचं काचसामानाचं दुकान होतं आणि तो नेहमी गिऱ्हाईक उभं असल्यासारखं बोलायचा. "झालं ते वाईट झालं. पण दानूचं वर्ष वाया घालवून ते सुधारणार आहे का? तिकडं फिनलंडमध्ये कोण बघायला येतंय अत्ती कानडी वाचते का नाही ते? मराठी येत नाही, म्हणजे मराठीपुरती निरक्षरच झाली. लावून टाक अंगठा."

"तू दुकान बघ रे," मायाक्का म्हणाली.

"चुकीचं काय बोललो? शिष्यवृत्ती मेमध्ये संपते तिची. विचार तिलाच."

सगळे दानेश्वरीकडं बघायला लागले. तिला त्या नजरा नको होत्या. अमरेशअण्णा जे उघड बोलला तेच तिच्या डोक्यात मघापासून चाललं होतं. एक तळटीप घातली तर? ‘औपचारिक अर्थाने निरक्षर.’ अशा पळवाटा तिच्या विषयात पोत्यानं मिळतात. पहिलं वाक्य गेलं तर त्याच्यावर रचलेली साठ पानं जातात. परिषदेत त्या वाक्यावर लोक उठून उभे राहिले होते, आणि तिला ते फार आवडलं होतं. हे आठवून आत्ता तिला स्वतःची किळस आली.

सुंदरम्मानं पुस्तक बाजूला ठेवलं, साडीचा पदर सावरला आणि डावा हात पुढं केला.

"आन ते पॅड. तुझं काम हुतंय न्हवं? एवढे अंगठे दिले, त्यात हा एक. माझं काय झिजतंय?"

दानेश्वरीनं पॅड उघडलं. हो, उघडलं. अत्तीचा अंगठा हातात घेतला. भाजलेल्या शेंगा चोळून चोळून गुळगुळीत झालेला, पोळल्याच्या खुणा असलेला तो अंगठा तिनं लहानपणी झोपताना मुठीत धरलेला होता. तो शाईवर टेकवायचा, मग कागदावर. दोन सेकंदांचं काम.

"नको," ती म्हणाली आणि पॅड मिटलं. "मला हा अंगठा नको अत्ती. तू सही कर. कानडीत कर. मी समितीला कळवते की माझी चूक झाली. छापलेल्या लेखाची दुरुस्ती पण पाठवते. मग व्हायचं ते होईल."

तिनं पेन पुढं केलं. आपण मोठं काहीतरी सोडलंय असं तिला वाटत होतं, आणि आता अत्ती डोळे पुसत सही करेल असंही वाटत होतं.

सुंदरम्मानं पेन घेतलं, पण सही केली नाही. "कागदात काय काय हाय ते वाच आदी."

दानेश्वरीनं वाचलं. मराठी कागदाचं ती वाचता वाचता कानडी करून सांगत गेली. संशोधनाचा विषय, नाव वापरण्याची परवानगी. "‘सहभागी व्यक्ती कोणतंही कारण न देता केव्हाही माघार घेऊ शकते.’"

"हे पुन्यांदा वाच."

दानेश्वरीनं पुन्हा वाचलं.

"कवाबी?"

"केव्हाही."

"चांगलं लिवलंय," सुंदरम्मा म्हणाली. "आपल्या त्या कागदात असलं काय नव्हतं, न्हवं रं श्रीशैल?"

श्रीशैलनी नकारार्थी मान हलवली.

मग सुंदरम्मानं संमतीचा कागद उलटा केला, पुराणाच्या जाड पुस्तकावर ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहायला लागली. हळू, पण न अडखळता. गोल, टपोरी अक्षरं एका रेषेत उतरत गेली. मायाक्का वाकून बघत होती. अमरेशनं फोन खिशात घातला. तेवढ्यात चनबसप्पा चौथी कड संपवून आला, सगळ्यांची तोंडं बघून गुपचूप बाजूला बसला. भज्जी गार होत होती.

"वाच," तिनं कागद भाचीपुढं धरला.

दानेश्वरीनं अक्षरांवरून नजर फिरवली. एकही लागलं नाही. "मला नाही येत अत्ती वाचायला. बोलता येतं फक्त."

"बरं. मी सांगते." सुंदरम्मानं मठातल्या सुरात, ठासून, बोट फिरवत कानडीत वाचून दाखवलं. त्याचा अर्थ एवढाच होता, की दानेश्वरीनं माझ्याविषयी जे जे लिहिलंय ते ते सगळं तिनं स्वतःच्या हातानं कानडीत लिहून मला द्यावं. मी वाचीन. वाचल्यावर हो म्हणायचं की नाही ते मी ठरवीन. तोवर परवानगी नाही.

"सगळं?" दानेश्वरीनं विचारलं. "अत्ती, साठ पानं आहेत. मला अक्षर ओळख पण नाही. सहा तारखेला जायचंय मला."

"सतरा-अठरा दिस हायत. अक्षरं आठ दिसात हुतात. मी शिकवते." ती मुळीच हसत नव्हती. "तिकडं गेल्यावर बी लिवून पाठव की. मी कुटं चाललेय?"

"आणि फेब्रुवारी?"

"तुझी फेब्रुवारी तू बग. मला सातवीनंतर घरात कोनी काय वाचाय दिलं न्हाई, सांगितलं न्हाई. आता माज्यावरच लिवलंय तर मी वाचल्याबगर सोडनार न्हाई. कबूल असंल तर खाली सई कर."

दानेश्वरीनं आईकडं बघितलं. मायाक्का नणंदेच्या खांद्याला खांदा लावून बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर लेकीसाठी काही सवलत नव्हती. अमरेश म्हणाला, "कर बाई, खाऊ दे आम्हाला." दानेश्वरीनं पेन घेतलं आणि सवयीनं नावाचं पहिलं अक्षर काढायला लागली.

सुंदरम्मानं तिचा हात धरला.

"कानडी कागद हाय," ती म्हणाली. "मराठी सई चालत न्हाई."

श्रीशैलनी खाली बघितलं. त्यांच्या हातातला पाण्याचा तांब्या कलंडला आणि पाणी मातीत गेलं, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"मग कशी करू?" दानेश्वरीनं विचारलं. तिला उत्तर कळलं होतं.

सुंदरम्मानं पॅडचं झाकण उघडलं आणि तिच्यापुढं सरकवलं.

दानेश्वरीनं डावा अंगठा शाईत बुडवला आणि त्या गोल अक्षरांच्या खाली टेकवला. कागदावर जांभळा ठसा उमटला, थोडा वाकडा. सुंदरम्मानं त्यावर फुंकर घातली, कागदाची घडी करून पुराणाच्या पुस्तकात ठेवली, पुस्तक फडक्यात बांधलं आणि मायाक्काला म्हणाली, "वाढ गं आता."

पत्रावळीवर भज्जी पडली, उंडे पडले. दानेश्वरी ओढणीच्या टोकानं अंगठा घासत बसली होती. शाई जाण्याऐवजी पसरत चालली होती, नखात, तळव्यावर.

"राहू दे," सुंदरम्मा तिच्या पानात खीर वाढत म्हणाली. "कितीबी घासलंस तरी दोन दिस जात न्हाई ती. मला म्हाईत हाय."